ॲलन पेज यांच्याविषयी बाबांना पत्र

मिनीॲपोलिस,
नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मागच्या आठवड्यात फोनवर तुम्ही विचारलेत की, तुमच्या नातवाच्या शाळेला ज्यांचे नाव दिले आहे ते गृहस्थ न्यायमूर्ती होते की फुटबॉलपटू, आणि दोन्ही असतील तर एका आयुष्यात हे जमले कसे. मी तेव्हा घाईत दोन वाक्यांत उत्तर दिले, पण ज्यांनी तारुण्याची वर्षे तालमीत आणि पुढचा सारा काळ जिल्हा न्यायालयाच्या कचेरीत घालवला त्यांना या प्रश्नाचे उत्तर सविस्तर मिळायला हवे असे मला वाटत राहिले. घरची खुशाली आईच्या पत्रात स्वतंत्र लिहिली आहे. या पत्रात फक्त ॲलन पेज यांच्याविषयी लिहिते.

आधी हा अमेरिकन फुटबॉलचा खेळ समजावून सांगते, कारण तुम्ही दूरचित्रवाणीवर थोडा वेळ पाहून त्याला शिरस्त्राण घालून केलेली हाणामारी म्हणाला होतात. दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा खेळाडू मैदानात असतात. ज्या संघाकडे चेंडू असतो त्याने चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे सुमारे नऊ मीटर, पुढे सरकायचे. ते साधले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही साधले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू जमिनीवर जेथे ठेवलेला असतो तेथून एक अदृश्य रेषा आडवी जाते असे मानतात. त्या रेषेच्या एका अंगाला आक्रमक संघाचे पाच धिप्पाड खेळाडू आपल्या क्वार्टरबॅकचे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या सूत्रधाराचे, रक्षण करण्यासाठी ओळीने बसतात आणि दुसऱ्या अंगाला बचाव करणाऱ्या संघाचे तीन किंवा चार खेळाडू एक हात जमिनीला टेकवून, वाकून सज्ज असतात. यांनाच डिफेन्सिव्ह लाइनमन म्हणतात. क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू सुटण्याआधी त्याला गाठून खाली पाडणे आणि चेंडू घेऊन धावणाऱ्याला मधल्या फटीतून निसटू न देणे हे त्यांचे काम. क्वार्टरबॅकला चेंडूसकट असे पाडले की त्याला सॅक म्हणतात.

प्रत्येक डाव चार-पाच सेकंदांत संपतो, आणि त्यातली पहिली अर्धी सेकंद या लोकांची असते. तुम्ही आम्हाला लहानपणी कुस्तीतली खडाखडी दाखवायचात, कोणाचा हात आत शिरतो, कोणाचे खांदे खाली राहतात, कोण आधी तोल घालवतो ते पाहायला सांगायचात. या रेषेवर अगदी तेच चालते, फक्त ते धावत्या वेगाने होते आणि एकावर बहुतेक वेळा दोघे तुटून पडतात. प्रेक्षकांचे डोळे चेंडूमागे जातात, त्यामुळे हे काम बहुतेकांना दिसतही नाही. सामन्यात पन्नास-साठ वेळा असे भिडायचे, त्यातून एखाद-दुसरा सॅक मिळाला तरी तो दिवस चांगला गेला असे मानायचे, अशी ही नोकरी आहे.

ॲलन पेज यांचा जन्म ७ ऑगस्ट १९४५ रोजी ओहायो राज्यातील कँटन या पोलाद-कारखान्यांच्या गावी एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. त्या गावच्या मुलाच्या नशिबी साधारणपणे गिरणीतली पाळी लिहिलेली असायची. पेज तेरा वर्षांचे असताना त्यांची आई वारली. आईवडिलांनी शिक्षणाचा आग्रह कधी सोडला नव्हता, आणि पेज स्वतः सांगतात की ते चौथीच्या वयात असतानाच त्यांनी वकील व्हायचे ठरवले होते. १९५४ साली, ते नऊ वर्षांचे असण्याच्या सुमारास, शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. न्यायालयात बसलेली माणसे लिहिलेल्या शब्दांच्या बळावर एवढ्या मोठ्या देशाची रीत बदलू शकतात, हे त्या मुलाच्या मनात पक्के बसले. फुटबॉल त्यानंतर आला. बाबा, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण येथील लोकही त्यांची गोष्ट ‘खेळाडू पुढे न्यायाधीश झाला’ अशी सांगतात. कायद्याकडे निघालेल्या मुलाला वाटेत फुटबॉल भेटला, असे म्हणणे अधिक खरे आहे.

याच कँटन गावी १९२० साली एनएफएल या व्यावसायिक संघटनेची स्थापना झाली होती, आणि म्हणून खेळातील थोरांचे स्मारक असलेले हॉल ऑफ फेमही तेथेच उभारले गेले. ते १९६३ मध्ये खुले झाले. त्याचे बांधकाम सुरू होते तेव्हा शाळकरी वयाचे पेज तेथे मजुरी करत होते. पंचवीस वर्षांनी त्याच इमारतीत त्यांचा अर्धपुतळा बसला.

शाळेनंतर ते इंडियानातील नोत्र दाम विद्यापीठात गेले, राज्यशास्त्र शिकले आणि १९६६ साली राष्ट्रीय विजेता ठरलेल्या संघात डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे बचावाच्या ओळीतील टोकाचा खेळाडू, म्हणून खेळले. १९६७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या पद्धतीत, पहिल्याच फेरीत पंधराव्या क्रमांकावर मिनेसोटा वायकिंग्ज संघाने त्यांची निवड केली. येथे त्यांना मधल्या जागी, डिफेन्सिव्ह टॅकल म्हणून, उभे करण्यात आले. या जागी वजनदार माणूस लागतो असा सर्वमान्य समज होता आणि आजही आहे. आज या जागेवरचे खेळाडू सर्रास तीनशे पौंडांचे, म्हणजे एकशे पस्तीस किलोंहून अधिक असतात. पेज यांची उंची सहा फूट चार इंच होती, पण वजन २४५ पौंडांच्या, म्हणजे १११ किलोंच्या, आसपासच असे. समोरच्याला रेटून मागे ढकलण्याच्या भानगडीत ते फारसे पडत नसत. चेंडू हलताक्षणी ते इतक्या त्वरेने निघत की अडवणाऱ्याचे हात त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत ते त्याच्या बाजूने पुढे गेलेले असत. जुन्या चित्रफिती आता सहज पाहायला मिळतात. मी त्या मुलाबरोबर पाहिल्या, आणि बाकीचे एकवीस जण एक क्षण मागे राहिल्यासारखे वाटतात, हे वर्णन मला अतिशयोक्तीचे वाटत नाही.

त्या काळी वायकिंग्जच्या बचावफळीत पेज यांच्यासह कार्ल एलर, जिम मार्शल आणि गॅरी लार्सन होते, आणि जांभळ्या गणवेशामुळे या चौघांना ‘पर्पल पीपल ईटर्स’ असे भीतीयुक्त कौतुकाचे नाव पडले होते. सामने ब्लूमिंग्टनच्या उघड्या मैदानावर होत, जेथे आता मॉल ऑफ अमेरिका हा अवाढव्य बाजार उभा आहे. येथील डिसेंबरची थंडी म्हणजे काय हे मी तुम्हाला अनेकदा कळवले आहे. प्रशिक्षक बड ग्रँट यांनी त्या थंडीत मैदानाच्या कडेला शेगड्या ठेवायला आणि खेळाडूंनी हातमोजे घालायला मनाई केली होती. प्रतिपक्ष शेगडीभोवती गोळा होत असताना आपले लोक उघड्या हातांनी उभे राहिलेले दिसावेत, हा त्यामागचा विचार होता.

१९७१ साली पेज यांना संपूर्ण लीगमधील सर्वांत मौल्यवान खेळाडूचा पुरस्कार मिळाला. बचाव करणाऱ्या खेळाडूला तो त्यापूर्वी कधीच मिळाला नव्हता, आणि त्यानंतरही फक्त एकाला, १९८६ साली लॉरेन्स टेलर यांना, मिळाला आहे. हा पुरस्कार जवळपास नेहमी क्वार्टरबॅककडे किंवा धावपटूकडे जातो, कारण गुण त्यांच्या नावावर लागतात. पंधरा हंगामांत पेज यांनी सलग २१८ सामने एकही न चुकवता खेळले, प्रतिपक्षाच्या २८ किक अडवल्या, तेवीस वेळा निसटलेला चेंडू ताब्यात घेतला. सॅकची अधिकृत मोजणी लीगने १९८२ साली, म्हणजे ते निवृत्त झाल्यानंतर, सुरू केली. जुन्या नोंदी तपासणाऱ्यांच्या हिशेबाने त्यांचे १४८.५ सॅक भरतात. संघाने मात्र चार वेळा सुपर बोल ही अंतिम लढत गाठली आणि चारही वेळा ती हरली. या गावातली म्हातारी माणसे अजून त्याबद्दल हळहळतात, पेज मात्र त्याविषयी बोलताना फारसे दिसत नाहीत.

आता मी ज्या भागासाठी हे पत्र लिहायला घेतले तो लिहिते.

व्यावसायिक संघात खेळाडू हा करारनाम्याने बांधलेला नोकर असतो, आणि त्या काळी ते बंधन आजच्यापेक्षा फार घट्ट होते. एखाद्याचा करार संपला आणि तो दुसऱ्या संघात गेला, तर नव्या संघाने जुन्या संघाला किती भरपाई द्यायची ते लीगचा आयुक्त ठरवत असे. आयुक्त पीट रोझेल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नियमामुळे, भरपाईच्या धास्तीने, दुसऱ्याच्या खेळाडूला कोणी बोलावतच नसे, आणि खेळाडूला मिळेल त्या पगारात राहावे लागे. पेज खेळाडूंच्या संघटनेत आपल्या संघाचे प्रतिनिधी होते, काही वर्षे तिच्या कार्यकारिणीवर होते, आणि १९७४ च्या संपातही ते होते. या नियमाविरुद्ध जॉन मॅकी आणि इतर खेळाडूंनी जो दावा लावला त्यातील वादींमध्ये पेज यांचे नाव आहे. तो खटला येथेच, मिनीॲपोलिसच्या संघीय न्यायालयात, न्यायाधीश अर्ल लार्सन यांच्यासमोर चालला आणि १९७५ च्या अखेरीस त्यांनी हा नियम मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारा ठरवला. पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने निकालाचा गाभा कायम ठेवला. ज्या मालकांच्या पगारावर आपण आहोत त्यांच्याविरुद्ध, खेळ भरात असताना, उघडपणे दाव्यात नाव घालायचे याला काय लागते हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या कचेरीत असे वादी तुम्ही पाहिलेले आहेत.

त्याच सुमारास त्यांनी कायद्याचे शिक्षण सुरू केले. कारकिर्दीच्या प्रारंभीच्या वर्षांत त्यांनी एका विधि महाविद्यालयात नाव घातले होते, पण काही आठवड्यांतच ते सोडले. १९७५ मध्ये ते मिनेसोटा विद्यापीठाच्या विधि विभागात दाखल झाले आणि पूर्ण वेळ विद्यार्थी म्हणून, खेळ चालू ठेवून, १९७८ मध्ये पदवीधर झाले. रविवारी सामना, बाकीच्या दिवशी सराव आणि वर्ग, असा त्यांचा आठवडा असे. येथे खेळाडू म्हातारपणी नव्हे, तिशीच्या आतच निकामी ठरतात; एनएफएलमधील कारकीर्द सरासरीने जेमतेम तीन-साडेतीन वर्षांची धरतात. हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी चालू हंगामाच्या गर्दीत पुढचा विचार करणारे थोडे.

एक प्रसंग त्यांनी स्वतः पुढे जाहीरपणे सांगितला आहे, आणि तो मला विसरता येत नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बचावफळीच्या बैठकीत प्रशिक्षकाने खेळाडूंना डावपेचांची वही आळीपाळीने मोठ्याने वाचायला सांगितली. काहींनी नीट वाचले, काही अडखळत राहिले, आणि काहींना वाचताच येईना. ही सगळी माणसे शाळा आणि महाविद्यालये ओलांडून तेथवर आलेली होती. त्यांच्या अंगातील ताकद प्रत्येक पायरीवर हेरली गेली, जोपासली गेली, विकली गेली, आणि एवढ्या वर्षांत त्यांना वाचता येते की नाही हे पाहण्याची गरज कोणालाच वाटली नाही. ते बुद्धीने कमी नव्हते, त्या वहीतले गुंतागुंतीचे डाव ते मैदानावर बिनचूक खेळत होते. पेज यांच्या पुढच्या साऱ्या सार्वजनिक कामाचा उगम मला या बैठकीत दिसतो.

त्याच काळात त्यांच्या पत्नी डायन यांनी धूम्रपान सोडण्यासाठी धावायला सुरुवात केली होती, आणि त्यांच्याबरोबर पेजही लांब पल्ल्याचे धावू लागले. धावण्याने त्यांचे वजन उतरत गेले आणि २२५ पौंडांच्या, म्हणजे १०२ किलोंच्या, घरात आले. एवढ्या वजनात या जागेवर खेळता येणार नाही, हे संघाचे मत. मला मी हलका आणि चांगला वाटतो, हे त्यांचे मत. १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये, हंगाम चालू असताना, वायकिंग्जने त्यांना काढून टाकले. अशा वेळी दुसऱ्या संघाला ठरावीक किरकोळ शुल्क भरून खेळाडूवर हक्क सांगता येतो. शिकागो बेअर्सने ते भरले, आणि ते शंभर डॉलर होते. लीगमधील सर्वोत्तम म्हणून सात वर्षांपूर्वी गौरवलेला माणूस शंभर डॉलरला त्या गावाहून या गावाला गेला.

त्यानंतर ते शिकागोकडून १९८१ पर्यंत, म्हणजे आणखी तीन हंगामांहून अधिक काळ, त्याच कमी झालेल्या वजनानिशी खेळले, एकही सामना चुकला नाही, आणि कारकिर्दीच्या अगदी शेवटच्या सामन्यात, डेन्व्हरविरुद्ध, त्यांनी साडेतीन सॅक केले. १९७९ साली त्यांनी मॅरेथॉन पूर्ण केली. एनएफएलमध्ये खेळत असताना ते करणारे ते पहिले खेळाडू. त्याच वर्षी ते मिनीॲपोलिसच्या एका वकिली कार्यालयात रुजू झाले, म्हणजे काही वर्षे ते हंगामात शिकागोचे खेळाडू आणि इतर वेळी येथले वकील होते. संघाचा निर्णय चुकीचा होता असे मी ठामपणे म्हणेन. पण त्याहून मला हे मोलाचे वाटते की, त्यांच्या शरीराचे काय करायचे हा निर्णय त्यांनी दुसऱ्याच्या हाती दिला नाही, आणि त्याची किंमत मोजावी लागली ती निमूटपणे मोजली.

या वजनाच्या हट्टापायी काय काय होते हे येथे राहून पाहिले की अंगावर काटा येतो. २००१ च्या उन्हाळ्यात वायकिंग्जचाच कोरी स्ट्रिंगर हा तीनशे पौंडांहून बराच अधिक वजनाचा लाइनमन मँकेटो येथील सराव शिबिरात उष्माघाताने मरण पावला. तो सत्तावीस वर्षांचा होता. डोक्याला वर्षानुवर्षे बसणाऱ्या लहान-मोठ्या धक्क्यांमुळे मेंदूचा ऱ्हास होतो हे आता अनेक मृत खेळाडूंच्या मेंदूंच्या तपासणीतून दिसून आले आहे, आणि हजारो माजी खेळाडूंनी त्यासाठी लीगविरुद्ध दावे लावल्यावर २०१३ मध्ये मोठी तडजोड झाली. रेषेवरच्या खेळाडूंना हे धक्के जवळजवळ प्रत्येक डावात बसतात. पेज यांच्या देहावर खेळाची जी खूण उघड दिसते ती त्यांच्या डाव्या करंगळीवर आहे. ती बाजूला काटकोनात वळलेली आहे, आणि शाळेत ते मुलांशी बोलायला येतात तेव्हा मुलांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा तिच्याविषयीच असतो.

१९८८ साली हॉल ऑफ फेममध्ये त्यांची प्रतिष्ठापना झाली. अशा वेळी खेळाडू आपला परिचय करून देण्यासाठी जुन्या प्रशिक्षकाला बोलावतात. पेज यांनी मिनीॲपोलिसच्या नॉर्थ हायस्कूलच्या मुख्याध्यापिका विलारीन बीझली यांना बोलावले. भाषणात त्यांनी स्वतःच्या सामन्यांऐवजी शिक्षणाविषयी आणि वाचता न येणाऱ्या त्या सहकाऱ्यांविषयी सांगितले. त्याच वर्षी त्यांनी आणि डायन यांनी पेज एज्युकेशन फाउंडेशन सुरू केले. मिनेसोटातील कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य समाजांतील विद्यार्थ्यांना ही संस्था उच्च शिक्षणासाठी मदत देते, आणि मदत घेणाऱ्याने लहान मुलांना शिकवण्यासाठी ठरावीक तास द्यायचे अशी अट घालते. मदतीचा हा प्रकार मला फार आवडतो. घेणारा मिंधा होत नाही, तो लगेच कोणाचा तरी ‘दादा’ किंवा ‘ताई’ होतो. आतापर्यंत हजारो विद्यार्थी यातून शिकून गेले आहेत.

वकिली कार्यालयातून पेज राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या खात्यात गेले आणि तेथे नोकरीविषयक कायद्याची प्रकरणे पाहू लागले. पुढचा भाग खास तुमच्या आवडीचा आहे. मिनेसोटात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सहा वर्षांसाठी जनतेच्या मताने निवडले जातात, पण प्रत्यक्षात जागा मध्येच रिकामी व्हायची, गव्हर्नर, म्हणजे राज्याचे निवडून आलेले प्रमुख, नेमणूक करायचे आणि मग नेमलेलाच निवडून यायचा, असा शिरस्ता पडला होता. १९९२ मध्ये पेज यांना ज्या जागेसाठी उभे राहायचे होते तेथील न्यायमूर्तींची मुदत गव्हर्नर आर्नी कार्लसन यांनी निवृत्तिवेतनाच्या एका तरतुदीखाली वाढवली, त्यामुळे निवडणूकच टळणार होती. पेज यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. आपल्याच न्यायालयातील जागेचा वाद असल्याने तेथील न्यायमूर्तींऐवजी निवृत्त न्यायाधीशांचे खास पीठ बसले, आणि मतदारांचा निवडण्याचा हक्क असा हिरावून घेता येत नाही असा निर्णय त्यांनी दिला. नोव्हेंबरमध्ये पेज निवडून आले. जानेवारी १९९३ मध्ये त्यांनी पदभार घेतला आणि ते या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. १९९८, २००४ आणि २०१० मध्ये लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. कायद्याने येथे सत्तराव्या वर्षी निवृत्त व्हावे लागते, म्हणून २०१५ च्या ऑगस्टमध्ये ते पायउतार झाले. पंधरा हंगाम मैदानावर गेले आणि साडेबावीस वर्षे न्यायासनावर, हे ध्यानात घेतले की त्यांचा मुख्य व्यवसाय कोणता होता याबद्दल शंका राहू नये.

शाळेच्या नावाची हकिगतही सांगते. ही शाळा पूर्वी अलेक्झांडर रॅम्सी यांच्या नावाने ओळखली जाई. १८६२ साली डाकोटा लोक आणि गोरे यांच्यात युद्ध पेटले तेव्हा गव्हर्नर असलेल्या रॅम्सी यांनी, डाकोटांना एकतर नष्ट करावे किंवा राज्याच्या सीमेबाहेर कायमचे हाकलावे, असे जाहीर केले होते. त्या वर्षाच्या डिसेंबरात मँकेटो येथे अडतीस डाकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आली. शाळेतल्या मुलांनी हा इतिहास वाचला, नाव बदलण्याची मागणी केली, ती लावून धरली, आणि २०१७ मध्ये शाळेला न्यायमूर्ती पेज यांचे नाव मिळाले. बारा-तेरा वर्षांच्या मुलांनी पुरावे जमवून मोठ्यांसमोर बाजू मांडावी आणि ती मान्य व्हावी, ही गोष्ट पेज यांना त्यांच्या नावापेक्षाही अधिक भावली असेल असे मला वाटते.

पेज पतिपत्नींनी अनेक वर्षे गुलामगिरीच्या आणि वर्णभेदाच्या काळातील वस्तू जमवल्या. कृष्णवर्णीयांसाठी वेगळी प्रतीक्षागृहे दाखवणाऱ्या पाट्या त्यात आहेत, आणि १८६५ साली अब्राहम लिंकन यांच्या निधनानंतर शोक करण्यासाठी लोकांनी रंगवलेला फलकही आहे. २०१८ च्या आरंभी सुपर बोल याच शहरात होता. देशभरातून माणसे खेळ पाहायला येणार हे जाणून त्यांनी तेव्हा हा संग्रह शहराच्या मध्यवर्ती ग्रंथालयात सर्वांसाठी मांडला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डायन गेल्या, आणि नोव्हेंबरमध्ये पेज यांना राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले, जो येथील सर्वोच्च नागरी सन्मान आहे. इतक्या वर्षांच्या कामातील भागीदार तो पाहायला नव्हती.

आज ते एकोणऐंशी वर्षांचे आहेत. येथे मॅरेथॉन होते त्या दिवशी ते रस्त्याच्या कडेला उभे राहून धावणाऱ्यांसाठी ट्यूबा हे अवजड पितळी वाद्य वाजवतात, आणि धावणारे त्यांना ओळखून हात उंचावतात. आणखी एक काम त्यांनी हाती घेतले आहे. २०२० च्या जानेवारीत त्यांनी आणि येथील फेडरल रिझर्व्ह बँकेचे अध्यक्ष नील काश्कारी यांनी, ज्यांचे आईवडील मूळचे काश्मीरचे, राज्यघटनेत दुरुस्ती सुचवली. मिनेसोटाची घटना १८५७ सालची आहे आणि तिने कायदेमंडळावर शाळांची सर्वसाधारण व समान व्यवस्था करण्याचे कर्तव्य टाकले आहे. दर्जेदार सार्वजनिक शिक्षण हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे असे शब्द तेथे यावेत, म्हणजे तो न मिळाल्यास मुलाच्या वतीने न्यायालयात दाद मागता येईल, असे या दोघांचे म्हणणे आहे. शिक्षक संघटनेचा याला विरोध आहे. सार्वजनिक शाळांचा निधी खासगी शाळांकडे वळण्याची वाट त्यातून उघडेल, अशी तिची भीती आहे. हा प्रस्ताव अजून मतदानापर्यंत पोचलेला नाही. ही भीती मी हलकी मानत नाही, कारण आपल्याकडे २००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क झाले तरी वाडीवस्तीवरच्या शाळेत काय मिळते हे आपण पाहतो. तरीही माझे मत दुरुस्तीच्या बाजूचे आहे. कर्तव्य सरकारचे म्हणून लिहिले की त्याचा हिशेब सरकार ठेवते, हक्क मुलाचा म्हणून लिहिला की तो मागायला मूल उभे राहू शकते.

यावर तुमचे मत मला सविस्तर कळवा. त्याचबरोबर न्यायाधीश लोकांनी निवडून देण्याच्या पद्धतीविषयीही लिहा, कारण आपल्याकडे कोणी ती सुचवली असती तर तुम्ही तिला कडाडून विरोध केला असता असे मला वाटते, आणि पेज यांच्या बाबतीत मात्र तिच्यामुळेच दार उघडले. तुमचे उत्तर मी नातवाला वाचून दाखवणार आहे. त्याला शाळेत याच विषयावर बोलायचे आहे, आणि आजोबा जिल्हा न्यायालयात होते हे त्याने वर्गात आधीच सांगून ठेवले आहे.

ती. आईस साष्टांग नमस्कार. थंडीत सकाळचे फिरणे जरा उशिरा ठेवावे.

कळावे.

आपली,
मोठी